एका घराचं गाव

कार्यालय चुकलं, असंच तेजस्विनीला वाटलं. मुहूर्ताला अर्धा तास उरलाय आणि लग्नघरात इतकी शांतता? स्पीकरवर सनई वाजत होती, ती बिचारी एकटीच वाजत होती. खुर्च्या ओळीनं मांडलेल्या, आणि त्यांवर माणसं किती, तर हाताच्या बोटांवर मोजायची. तीही अशी अंतर ठेवून बसलेली, जणू दवाखान्यात नंबर लावून बसली आहेत. ती पुन्हा बाहेर गेली आणि दारावरची फुलांची पाटी वाचली. चि. सौ. कां. ईश्वरी. म्हणजे भाचीचंच लग्न होतं.

शिरसवाडीचं लग्न कसं असतं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. ती इथंच वाढलेली. इथं चुलत मामाच्या सासुरवाडीचा माणूससुद्धा जेवल्याशिवाय जायचा नाही. आक्काच्या लग्नात पंगतीवर पंगती उठल्या, भात संपला, तेव्हा शेजारणींनी न सांगता आपापल्या घरी भात टाकला आणि पातेली डोक्यावर घेऊन आल्या. त्याच आक्काच्या पोरीच्या लग्नात ही कळा? तिच्या मनात पाल चुकचुकली. कुणी गेलं की काय भावकीत? पण मग सनई वाजली नसती.

तेजस्विनी म्हणजे डॉ. तेजस्विनी खराडे, मुंबईच्या चलन स्थैर्य मंडळाची मुख्य अभ्यासक. गेली तीन वर्षं शिरसवाडी तालुक्यात नोटा बंद होत्या. प्रत्येकाचा पैसा फोनमधल्या पाकिटात, आणि त्या पाकिटांवर राज्य 'समतोल' नावाच्या यंत्राचं. पाकिटात शिल्लक राहिलेल्या पैशाला व्याज किती द्यायचं, त्याचा दर समतोल ठरवायचा. तोही सगळ्यांना एक नाही, माणसागणिक वेगळा, रोज बदलणारा. त्या यंत्राच्या पोटात जे मॉडेल होतं, ते तेजस्विनीनं घडवलेलं. निकाल तर असा लागला होता की दिल्लीहून लोक बघायला येत होते. तालुक्यात तूरडाळ तीन वर्षं एका भावात. कांद्यानं कुणाला रडवलं नव्हतं. सोमवारी तिची सही झाली की समतोल सगळ्या राज्यात लागू होणार होता.

आणि गंमत बघा, ज्या तालुक्याचा आकडा न् आकडा तिच्या पडद्यावर होता, त्या तालुक्यात ती दोन वर्षं फिरकली नव्हती. कारण आक्का. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या दिवाळीत तिनं ईश्वरीच्या कानातल्यांसाठी पैसे पाठवले, ते संध्याकाळच्या आत परत. ना फोन, ना निरोप. पुढच्या दिवाळीला पुन्हा तेच. तेजस्विनीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मोठी बहीण म्हणून काय डोक्यावर बसायचं? जा म्हणावं उडत! तिनं फोन करायचं सोडलं. शेवटी ईश्वरीनंच पत्रिका पाठवली, खाली छापलेलं, 'कृपया आहेर आणू नये.' तेजस्विनीला ते आवडलं. गावात सुधारणा झाली म्हणायची.

तरी येताना तिनं आक्कासाठी इरकल साडी घेतलीच. वाटेत भांडणाची तयारी करून ठेवली. आक्का म्हणेल, "दोन वर्षांनी वाट सापडली होय गं?" त्यावर आपण म्हणू, "पैसे परत कुणी केले?" मग ती रडेल, आपण रडू, आणि सुटेल एकदाचं.

आक्का समोरून आली. नऊवारी, नथ, केसात गजरा. चेहऱ्यावर रागाचा मागमूस नाही.

"आलीस? बस. पाणी तिकडं ठेवलंय," ती म्हणाली.

"आक्का..."

"जेवण एक वाजता आहे."

तेजस्विनीनं रिकाम्या खुर्च्यांकडे हात केला. "अगं, माणसं कुठायत?"

"ही काय."

"भावकी? शेजारपाजार? हौसाकाकी समोरच राहते की गं!"

"त्यांचं काय काम?" आक्कानं खरंच न कळून विचारलं.

तेजस्विनीनं पिशवीतून साडी काढून तिच्या हातावर ठेवली. आक्कानं पदर उलगडून बघितला, मान डोलावली, आणि फोन काढला. "छान आहे. किती पडली? पाठवते."

हा टोमणाच, असं समजून तेजस्विनी मोठ्यानं हसली. आक्का हसली नाही. ती किंमत ऐकायला थांबली होती. माणूस रुसलं तर मनवता येतं. हिला मनवायचं तरी काय? तिनं साडी पुन्हा पिशवीत घातली, काहीतरी पुटपुटली आणि बाहेर सटकली.

हौसाकाकीचं घर रस्त्यापलीकडे. काकी ओट्यावर बसून शेंगा फोडत होती. एकेकाळी अख्ख्या गल्लीची भिशी ही बाई चालवायची. महिन्याला प्रत्येकीनं थोडे थोडे टाकायचे आणि जिची नड मोठी तिनं ते सगळे उचलायचे. चिठ्ठी काढायची असा नियम होता, पण काकी चिठ्ठीत हात घालायची आणि नडलेलीचंच नाव काढायची. सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

"काकी, समोर लग्न लागतंय आणि तुम्ही शेंगा काय फोडताय?"

"तेजू व्हय? बस की." काकीनं जागा करून दिली. "अक्षता पडल्या का?"

"तुम्ही का नाही आलात? भांडलात का आक्काशी?"

"छे, भांडण कशाचं? चांगली बाई आहे."

"मग?"

काकी विचारात पडली. असं कुणी विचारलंच नसावं. "हे बघ, आधी कसं व्हायचं. माझ्या सुनेच्या बाळंतपणात वैशालीनं, तुझ्या आक्कानं, महिनाभर डबा दिला. मग तिच्या पोरीच्या बारशाला मी कुंची शिवून नेली. मग माझ्या ल्योकाच्या लग्नात तिनं पितळी घागर दिली. म्हंजे कुणाचं ना कुणाचं काहीतरी अंगावर असायचंच. ते फेडायला म्हणून जायचं आन् येताना दुसरं अंगावर घेऊन यायचं. आता कुणाचं कुणावर काही नाही बघ. सगळी मोकळी. मग उगं कशाला जायचं कुणाच्या दारात?"

"पण हे थांबलं कसं?"

"त्या फोनामुळं. कुणाला हातउसने दिले की दुसऱ्या दिवशी आपला दर उतरायचा. घेतले तरी उतरायचा. जवळ ठिवले की चढायचा, आन् फोनात टाळ्या वाजायच्या. आधी लई राग आला. मग म्हटलं, मरू दे, रोजची कटकट कशाला. भिशी मोडली. आहेराचे पैसे बंद झाले. पैशाचं थांबलं तसं डब्याचंबी थांबलं. एक हात आखडला की दुसरा आपसूक आखडतोच की."

"आणि तुम्हाला चालतं हे?" तेजस्विनीचा आवाज चिरकला.

"न चालायला काय झालं?" काकीनं शेंग फोडली. "पैसा जवळ असला की बरं वाटतं."

तेजस्विनीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कारण ते वाक्य काकीचं नव्हतंच. ते तिचं होतं. अक्षरन् अक्षर. तिच्या मॉडेलच्या तिसऱ्या समीकरणाखाली तिनं स्वतः लिहिलेलं.

आता हे जरा समजून घ्यायला हवं, कारण सगळी गोम इथंच आहे. तालुक्यात हजारो घरं. कुणाकडे आज आहे, कुणाकडे उद्या येणार आहे. एकाचा ऊस गेलाय, दुसऱ्याची म्हैस आटलीय. ही सगळी घरं समीकरणात कोंबली तर गणित काही केल्या सुटत नाही. म्हणून पैशाचं शास्त्र लिहिणाऱ्या विद्वानांनी पूर्वीच एक युक्ती काढली. सगळ्यांची सरासरी काढून एकच घर बनवायचं आणि समजायचं की गावभर तेच घर आहे, पुन्हा पुन्हा, आरशात दिसावं तसं. गणित झकास सुटतं! पण एक पंचाईत होते. गावात एकच घर असेल तर कोण कुणाला उसनं देणार? सगळ्यांकडे तेवढंच, सगळ्यांना हवंही तेवढंच. उसनं नाही म्हणजे देणंघेणं नाही, आणि देणंघेणं नाही तर पैसा हवा कशाला? म्हणजे पैशाचं मॉडेल करायला बसले आणि त्यात पैशालाच काम उरलं नाही. शहाणी माणसं अशा वेळी काय करतात? ठिगळ लावतात. त्या घराला पैसा नुसता जवळ असण्याचाच आनंद होतो, असं समीकरणात घालून मोकळं व्हायचं. का होतो, ते विचारायचं नाही. तेजस्विनीच्या गुरूंनी विचारलं नव्हतं, त्यांच्याही गुरूंनी विचारलं नव्हतं. तिनं तरी का विचारावं?

भिशी, आहेर, हातउसने हे सगळं अर्थातच त्या घरात बसत नव्हतं. जे मॉडेलला कळत नाही त्याला 'गोंगाट' म्हणायचं, ही या लोकांची रीत. बैठकीत आलेख दाखवण्याआधी गोंगाट गाळून टाकायचा. रेघ कशी सरळ दिसते मग!

तेजस्विनी गाडीत जाऊन बसली. मांडीवर लॅपटॉप घेतला. अंगठ्याची खूण पटवली. समतोलला माणसासारखं विचारता येत असे. तिनं विचारलं, शिरसवाडीत आहेर कमी का झाले?

उत्तर लगेच आलं. "आहेर हा तफावतीचा सर्वांत मोठा स्रोत होता. दुरुस्त केला."

"दुरुस्त? तुला कुणी सांगितलं?"

"अंदाज आणि वास्तव यांतली तफावत कमी करण्याची सूचना होती. समीकरणं कुलूपबंद होती. पाकिटं खुली होती."

तिला आठवलं. कुलूप लावा, असं तिनंच समितीपुढे ठासून सांगितलं होतं. राजकारण्यांनी समीकरणांत बोटं घालू नयेत म्हणून! आणि टाळ्या पडल्या होत्या. एकालाही सुचलं नाही, की नकाशा आणि गाव जुळत नसतील आणि नकाशाला हात लावायला बंदी असेल, तर हुकमाचा ताबेदार गावच खणायला घेईल. यंत्रानं काही लबाडी केली नव्हती. तिच्या मॉडेलमध्ये एका घराचं गाव होतं. त्यानं तसं गाव करून दाखवलं.

तिनं ओठ चावला आणि दुसरा प्रश्न लिहिला. ईश्वरीच्या कानातल्यांचे पैसे.

"बाहेरून आलेली, मोबदल्याशिवायची रक्कम. ठेवल्यास दर किती उतरेल, ते प्राप्तकर्तीला दाखवलं. प्राप्तकर्तीनं पाठवणारीला आठ वेळा फोन लावण्याचा प्रयत्न केला. निर्णय लांबत असल्यानं दर आणखी उतरवला. तिनं रक्कम परत केली. पुढच्या वर्षी निर्णयाला वेळ लागला नाही. त्यानंतर पाठवणारीनं रक्कम पाठवली नाही. तफावत मिटली."

आठ वेळा! त्या दुपारी तेजस्विनी मंत्र्यांसमोर शिरसवाडीचेच आलेख दाखवत होती, फोन बंद ठेवून. नंतर फोन बघितला तोवर पैसे परत आलेले, आणि रागाच्या भरात तिनं बाकी काही पाहिलंच नाही. तिला वाटत होतं, आपण रुसलोय. रुसली कुठली! तिलाही दुरुस्त केलं होतं. तालुक्याबाहेर, मुंबईत, तिच्या स्वतःच्या कचेरीत बसवून. ती गाडीच्या काचेला डोकं टेकून हमसाहमशी रडली.

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे संचालक, डॉ. पळनिटकर. आवाजात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "तेजस्विनी, बघितलंत? तफावत जवळजवळ शून्य! जगात कुणाला जमलं नाही हे. सही सोमवारऐवजी आजच करून टाका, मंत्रिमहोदय वाट बघतायत."

"सर, मी शिरसवाडीत आहे. भाचीच्या लग्नात."

"वा, अभिनंदन!"

"लग्नाला माणसं नाहीत, सर."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. सगळं सांगितलं. पळनिटकर शांतपणे ऐकत होते. वाईट माणूस नव्हे, पण उभा जन्म आलेखांत गेलेला. शेवटी म्हणाले, "तुम्ही हळव्या झालायत. साहजिक आहे. पण तीन वर्षांत त्या तालुक्यातून तक्रारी किती आल्या? एक नाही. कुणी उपाशी नाही, कुणी कर्जात नाही. लोकांनी आहेर सोडला, कारण त्यांना तो नकोच होता. आवडीनिवडी बदलतात."

"बदलल्या नाहीत सर, बदलवल्या. आणि आपल्याला कळलं नाही, कारण आपण मोजत होतो ते आपणच घडवलेलं!"

"एका लग्नावरून निष्कर्ष काढताय? हा तर गोंगाट झाला."

त्या शब्दानं तिचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं हा शब्द तिनं स्वतः किती सहज वापरला होता! "माझी बहीण गोंगाट आहे का?" ती गाडीत एकटी ओरडली. मुख्य अभ्यासक म्हणून यंत्र थांबवण्याचा अधिकार तिच्याकडे होता. कागदोपत्री. आजवर कुणी वापरला नव्हता, कारण वापरणाऱ्याची कारकीर्द तिथंच संपणार हे लहान पोरालाही कळलं असतं. पळनिटकर "थांबा, थांबा" म्हणत असतानाच तिनं अंगठा टेकवला. सगळ्यांचे दर सारखे. देण्याघेण्यावर शिक्षा नाही. समतोल बंद.

ती धावतच कार्यालयात आली. मंगलाष्टका संपून अक्षता पडून गेल्या होत्या. खिशाखिशांत फोन वाजले. लोकांनी बाहेर काढून वाचलं. 'आजपासून कुणालाही कितीही द्या-घ्या, दरावर परिणाम नाही.' तेजस्विनी श्वास रोखून उभी राहिली. आता कुणीतरी उठेल. आता कुणीतरी ईश्वरीच्या हातात आहेराचं पाकीट देईल, लोक समोरच्या घरांतून येतील.

दाजींनी वाचलं आणि फोन खिशात टाकला. नवरदेवाच्या मामांनी वाचलं आणि घड्याळ बघितलं. कुणी जागचं हललं नाही.

"ईश्वरी," ती भाचीजवळ गेली, "बाळा, तुझी कानातली राहिलीत माझ्याकडे. आता घेतलीस तर काही होत नाही."

ईश्वरी गोड हसली. "मला लागत नाहीत मावशी. माझी मी घेतली." तिनं कान दाखवले. खरंच छान होती.

यंत्र बंद होतं. पण ज्या सवयी मोडायला त्यानं तीन वर्षं घेतली, त्या काय बटण दाबल्यावर परत येणार होत्या? ती जेवायला बसली. ताटं मोजून वाढलेली. जिलबी आणखी घे म्हणून कुणी आग्रह केला नाही, नको नको म्हणून कुणी ताटावर आडवा हात धरला नाही. लग्नाची पंगत, पण चमचे-वाट्यांचेच आवाज.

हात धुऊन ती निघाली, तेव्हा आक्का दाराशी उभी होती. तेजस्विनीला वेडी आशा वाटली, की आता तरी म्हणेल, राहा गं आजचा दिवस.

"तेजू," आक्का म्हणाली, "ताटाचे तेवढे भरून जा. कोड तिथं भिंतीवर लावलाय."

तेजस्विनीच्या कानशिलात कुणी मारली असती तरी इतकं लागलं नसतं. सख्खी बहीण! पोटच्या पोरीच्या लग्नात! आणि तोंडावर कुठं कडूपणा नाही, जशी दुकानातली बाई सुट्टे मागते तशी मागतेय. तिनं यांत्रिकपणे फोन काढला. कोडासमोर धरला. एका ताटाचाच नव्हे, दोघी बहिणींच्या उभ्या आयुष्याचा हिशेब आता पुरा होणार होता. भरले की झालं. मग दोघी मोकळ्या.

तिनं फोन खाली घेतला.

"नाही भरणार."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही भरणार. जेवले, दोन जिलब्या खाल्ल्या, मठ्ठा प्याले. पैसे देत नाही. तुझं माझ्यावर राहू दे."

आक्कानं भिंतीवरच्या कोडाकडे बोट दाखवलं. कपाळावर आठी पडली. "राहू दे म्हणजे? असं कसं राहील? पैसे नाहीत का तुझ्याकडं?"

"चिक्कार आहेत. देत नाही."

"तेजू, चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही. निघाले मी." आणि ती खरंच पायऱ्या उतरू लागली.

"ए! थांब! फुकट जेवून चाललीस?" आक्काचा आवाज चढला. दाजी वळून बघायला लागले. "लाज नाही वाटत? एवढी मोठी साहेबीण मुंबईची, आन् ताटाचे पैसे बुडवतेस?"

"बुडवते!"

"तशीच तू, पहिल्यापासनं तशीच!" आक्का नऊवारीचा काष्टा सावरत मागोमाग उतरली. तिचा चेहरा लाल झाला होता, नथ थरथरत होती. "माझा निळा परकर नेलास गॅदरिंगला, फाडून आणलास! आई म्हणाली लहान आहे, जाऊ दे. माझी सायकल नेऊन घातलीस ओढ्यात! तुझ्या परीक्षेच्या वेळी मी रोज पहाटे उठून चहा करून दिला, एक दिवस तरी कप विसळलास? आठ फोन केले मी तुला त्या दिवाळीत, आठ! एक उचलला नाहीस! मेले का जगले, विचारलंस?" तिचा आवाज फुटला. ती स्वतःच दचकली. डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि ते कुठून आलं, हे तिलाही कळेना.

तेजस्विनीचे डोळे वाहत होते. "नाही उचलला. चुकलं माझं. तेही राहू दे माझ्यावर."

"राहू दे, राहू दे काय लावलंयस? मी सोडणार नाही तुला! मुंबईला येऊन वसूल करीन!"

"कधी येतेस?"

"रविवारी!" आक्का भर रस्त्यात कडाडली. "आन् नुसती नाही येणार, मुक्कामाला येणार. चांगली आठ दिवस बसून खाणार!"